नाचणी खुडूक नव्हतीच

खुडूक बसलेली कोंबडी आणि आजारी कोंबडी, या दोघींमधला फरक कसा ओळखायचा? सोपा वाटतो ना प्रश्न? पालवी डोर्लेकरलाही तो सोपाच वाटला होता, आणि तिथेच सगळी पंचाईत झाली.

नाचणी ही पालवीची कोंबडी. रंग नाचणीच्या भाकरीचा, म्हणून नावही तेच. घरात आणखी तीन कोंबड्या होत्या, पण त्या आपल्या घरच्या. नाचणी मात्र पालवीची. समुद्र वर चढत चढत खाडीकाठच्या जुन्या वाडीच्या अंगणांत शिरायला लागला, तेव्हा अख्खी वाडी उठून वर सड्यावर राहायला आली. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट रान. या गोष्टीला चारच महिने झाले होते. सामान हलवताना बाकीच्या कोंबड्या मुकाट्याने बांबूच्या डालग्यात बसल्या. नाचणीने मात्र असा काही थयथयाट केला की पालवीला तिला सगळी वाट मांडीवर घेऊन यावं लागलं. अकरा वर्षांच्या मुलीने एका कोंबडीवर इतका जीव लावावा का, असं कोणी विचारेलही. लावला होता, एवढं खरं.

तर झालं काय, शनिवारी नाचणी कोपऱ्यात फुगून बसली. कण्या टाकल्या तर ढुंकून बघेना. दोन दिवस अंडंही नव्हतं. शेजारच्या जनाकाकीने कुंपणावरून मान काढून पाहिलं आणि जागच्या जागी निकाल दिला.

"अगो, खुडूक बसलेय ती! थंड पाण्यात दोनदा बुचकळून काढ, उतरेल खूळ."

खुडूक म्हणजे अंडी उबवायच्या नादाला लागलेली कोंबडी. ती जागची हलत नाही, अंडी घालायचं बंद करते आणि खाली अंडं असो वा नसो, बसून राहते. तिचा नाद सोडवायला वाडीतल्या बायका पिढ्यानपिढ्या एकच उपाय करत आल्या होत्या, गार पाण्याची बादली! पालवीने नाचणीला दोनदा बुचकळलं आणि वर आणखी एकदा, उपाय जरा पक्का व्हावा म्हणून. आई तेव्हा समुद्रातल्या शेवाळशेतीवर कामाला गेली होती. संध्याकाळी ती आली, तेव्हा पालवी यातलं काही बोलली नाही.

रविवारी सकाळी नाचणी उभी होती, पण ते उभं राहणं काही वेगळंच होतं. अंग ताठ, छाती वर, शेपूट खाली पडलेली आणि डोळे अर्धे मिटलेले. मधूनच ती शेपटी खालीवर करायची आणि थकून थांबायची. पालवीने आईला हाक मारली.

आईने वाकून पाहिलं. "हिचं काय खरं नाही गं," ती हळू आवाजात म्हणाली.

"मरायच्या आधी कापलेली बरी," जनाकाकी कुंपणापलीकडून म्हणाली. काकीचा स्वभाव वाईट नव्हता हो, पण तोंडाला गाळणी नव्हती.

पालवीचे डोळे भरून आले. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "मुक्या जिवाला तडफडत ठेवायचं नाही, बाळा. संध्याकाळपर्यंत वाट बघू. तोवर तुला काय करता येईल ते कर. सांज झाली की मग मी सांगेन तसं."

संध्याकाळ! म्हणजे हातात एवढाच एक दिवस. पालवीने भिंतीवरचं बटण दाबलं आणि गोठेकर डॉक्टरांना निरोप धाडला.

आता हे गोठेकर डॉक्टर म्हणजे माणूस नव्हे बरं का! ते होते यंत्रवैद्य (जनावरांना तपासणारा, चालता-बोलता यंत्रमानव). सड्यावरच्या पाच वाड्यांना मिळून एकच. सरकारी कागदावर त्यांचं नाव म्हणजे आकड्यांची लांबलचक माळ होती. पण ते सदानकदा कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात सापडायचे, म्हणून लोकांनीच त्यांचं गोठेकर करून टाकलं. सहा पाय, पाठीवर औषधांची पेटी आणि पुढे एक भलामोठा पंजा. बोलणं मात्र अगदी शाळेच्या पुस्तकातलं.

"नमस्कार. रुग्ण कुठे आहे?"

पालवीने नाचणीला त्यांच्या वजनाच्या पाटावर ठेवलं.

"रुग्णाचं वजन शून्य," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे रुग्ण अस्तित्वात नाही."

"अहो, ही काय समोर!"

डॉक्टरांनी डोळ्याचं भिंग खाली वळवलं. "क्षमस्व. हा पाट म्हशींचा आहे. वीस किलोंच्या खालचं त्याला काही कळत नाही." ते जरा थांबले. "पालवी, तुला एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. कोंबड्यांविषयी मी वाचलंय पुष्कळ. पण आजवर एकाही कोंबडीला मी हात लावलेला नाही. लोक गाईसाठी बोलावतात, बैलासाठी बोलावतात. कोंबडीसाठी डॉक्टर बोलावणारी तू पहिलीच. माझ्या या पंजात हिची बरगडी मोडेल."

"मग आता?"

"माहिती माझी, हात तुझे. जमेल?"

पालवीने डोळे पुसले आणि मान हलवली.

पहिलं काम म्हणजे नाचणीला बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळं करणं. मागच्या पडवीत डालग्याखाली गवत अंथरून तिला ठेवलं. "आजार पसरणारा असला तर बाकीच्या वाचतील," डॉक्टर म्हणाले, "आणि नसला तर ही त्यांच्या चोचींपासून वाचेल. कळपात एक दुबळी दिसली की बाकीच्या तिला टोचून काढतात. म्हणून कोंबडी आपलं दुखणं होता होईल तो लपवते. रानातल्या तिच्या पूर्वजांमध्ये जी लंगडताना दिसली, ती कोल्ह्याच्या पोटात गेली. आपल्याला आज जे दिसलं, ते तिला लपवणं अशक्य झालं म्हणून दिसलं. दुखणं त्याच्या आधीचं आहे."

मग त्यांनी पालवीला नुसतं बसायला लावलं. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, फक्त बघायचं. पालवीला वाटलं, हे काय भलतंच! इथे जीव चाललाय आणि आम्ही बसून बघतोय. पण तिने पाहिलं. श्वास घेताना नाचणीची चोच उघडी नव्हती, घरघर नव्हती. मान सरळ होती. दर थोड्या वेळाने ती कुंथल्यासारखी करायची.

"छान. आता निदान करू. निदान म्हणजे नेमका आजार कोणता ते ठरवणं," डॉक्टर म्हणाले. "चोराचा शोध घ्यायचा तर आधी कोण चोर नाही ते शोधायचं. संशयितांची यादी मोठी असली, तरी एकेकाला घरी पाठवता येतं. पहिला संशयित मानमोडी. हा फार वाईट, पसरणारा रोग आहे. यात कोंबडीची मान पिळवटते आणि एकामागून एक कोंबड्या पटापट मरतात. हिची मान कशी आहे?"

"सरळ. आणि बाकीच्या तिघी टणटणीत आहेत. मघाशी आईच्या भाजीत शिरल्या होत्या."

"मग मानमोडी बहुतेक नाही. लक्षात ठेव, दोन-तीन कोंबड्या एकदम मेलेल्या दिसल्या असत्या, तर मी तुला जवळही जाऊ दिलं नसतं. आता तिच्या गळ्याखाली, छातीच्या वर, उजव्या अंगाला हलकेच चाचपून बघ. तिथे अन्नपिशवी असते (गिळलेले दाणे भिजत ठेवायची पिशवी). ती दगडासारखी घट्ट लागली किंवा आंबल्यासारखा वास मारत असली, तर दाणे तिथेच अडकलेत."

पालवीने बोटं फिरवली. पिशवी रिकामी होती, मऊ. कालपासून पोटात काही गेलंच नव्हतं ना!

"तोही संशयित गेला. डोळे? नाक? स्वच्छ? मग सर्दी नाही. विष्ठेत रक्त? नाही. उत्तम." डॉक्टरांचं भिंग पुढे सरकलं. "हं. पण पोटाखालची पिसं मुळाशी ओली आहेत. आणि अंगही गार. चार दिवसांत पाऊस नाही. मग कोंबडी ओली कशी? काल हिला काही झालं होतं का?"

पालवीने दाराकडे पाहिलं. आई दारातच उभी होती.

"काही नाही," पालवी म्हणाली.

"काही नाही," डॉक्टरांनी नोंद केली. "मग ही ओल आतून आली असली पाहिजे. म्हणजे जुलाब. जुलाब, अंग गार, खाणं बंद. हा आतड्यांचा रोग दिसतो. आतड्यांचं औषध सुरू करू. तीन दिवसांचं आहे."

त्यांच्या पाठीवरची पेटी उघडली. एक बाटली वर आली. तेवढ्यात नाचणी पुन्हा कुंथली आणि पाय दुमडून खालीच बसली.

पालवी मनातल्या मनात गडबडली. डॉक्टर चुकत होते. एवढे हुशार डॉक्टर, पण साफ चुकीच्या वाटेला लागले होते, आणि त्या वाटेला त्यांना तिनेच लावलं होतं. ओल आतून आली नव्हती. ओल बादलीतून आली होती!

"थांबा!" ती ओरडली. "मी खोटं बोलले. मी... मी काल तिला गार पाण्यात बुचकळलं. तीनदा. मला वाटलं खुडूक बसलेय."

आणि मग तिला रडू आवरेना. "माझ्यामुळेच झालं ना हे? मीच मारली ना तिला?"

आई पुढे आली. डॉक्टरांनी बाटली पुन्हा पेटीत ठेवली.

"थंडीने तिचं दुखणं वाढलं, हे खरं," ते म्हणाले. "पण ती आजारी आधीपासूनच होती. आणि पालवी, आत्ता तू जे सांगितलंस त्याने मी एका मोठ्या चुकीतून वाचलो. मला कुणी खोटी माहिती दिली, की मी खोटंच उत्तर काढतो, आणि तेही मोठ्या रुबाबात. आता मला सगळं सांग. बुचकळताना तू तिला कशी धरली होतीस?"

पालवीने नाक पुसलं. "एक हात छातीखाली, एक मागे. शेपटीच्या खाली."

"मागच्या हाताला काय लागलं?"

पालवीने डोळे मिटले. काल हात कुठे होता, ते आठवून पाहिलं. "काहीतरी गोल होतं. लिंबाएवढं. मला वाटलं, हाड असेल."

"तिथे हाड नसतं," डॉक्टर म्हणाले. "आत्ता बघ. दाबू नकोस. फुटेल."

"काय फुटेल?"

"अंडं."

पालवीने श्वास रोखून हात लावला. होतं! शेपटीखाली, पोटाच्या मागच्या भागात, गोल काहीतरी. फार टणकही नाही, जरा लिबलिबीत.

"बाई गं," आई पुटपुटली. "अडलेय ती!"

"अगदी बरोबर शब्द," डॉक्टर म्हणाले. "अंडं अडलंय. खुडूक कोंबडीही फुगून बसते, पण तिच्याकडे हात नेला तर गुरगुरते, चोच मारते. उचलून खाली ठेवली तर तरातरा चालते. ही हात लावू देते, ताठ उभी राहते आणि कुंथते. दुरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून तुझ्या वाडीतल्या भल्याभल्यांना फसायला झालं असेल."

"पण अडलं कशामुळे?" पालवीने विचारलं.

"ते सांगतो, पण आधी पाणी तापवा. सांगणं आणि करणं बरोबर चालू दे."

आईने सूर्यचुलीवर पाणी ठेवलं. किती गरम हवं, ते डॉक्टर अंशांत सांगायला लागले. आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पाण्यात कोपर बुडवलं. पालवी तान्ही असताना तिला अंघोळ घालायची ती अशीच, कोपराला सोसेल तेवढं ऊन पाणी. डॉक्टरांनी तापमापी बुडवून पाहिली आणि म्हणाले, "एकोणचाळीस अंश. तुमचं कोपर माझ्या यंत्राइतकंच पक्कं आहे."

पसरट घमेल्यात नाचणीला पोटापर्यंत बसवलं. चोच पाण्याबाहेर, पालवीचे दोन्ही हात पंखांवरून. पहिल्यांदा तिने जरा धडपड केली. मग ऊब लागली, तशी ती सैल पडली.

"आता ऐक," डॉक्टर म्हणाले. "कोंबडीच्या पोटात अंडनलिका असते (अंडं जिथे तयार होत होत बाहेर येतं ती नळी). एक अंडं तयार व्हायला साधारण एक दिवस लागतो. पिवळा बलक आधी, मग भोवती पांढरा बलक, मग एक पातळ पडदा. आणि सगळ्यात शेवटी कवच. त्या दिवसातला बहुतेक वेळ नुसत्या कवचालाच लागतो. कवच कशाचं असतं, ठाऊक आहे?"

"चुन्याचं?"

"चुन्यात आणि कवचात एकच मुख्य पदार्थ असतो, कॅल्शियम (हाडं, दात आणि कवच यांना घट्टपणा देणारा पदार्थ). एका कवचाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. खाण्यातून मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते."

"हाडांतून?" पालवी दचकली. "म्हणजे स्वतःचं हाड झिजवून?"

"हो. घरातली साठवण संपत आली की आई काय करते? डब्याच्या तळाशी उरलेलं खरवडून पोरांच्या ताटात वाढते. तसंच. पण तळ खरवडून झाला, की मग? आता गंमत अशी, की कॅल्शियम फक्त कवचाला लागत नाही. स्नायूंनाही लागतं. अंडं बाहेर ढकलायचं काम अंडनलिकेचे स्नायू करतात. कॅल्शियम संपलं, की कवच होतं पातळ आणि स्नायू होतात दुबळे. अंडं मऊ आणि ढकलणारा थकलेला. मग ते अडतं."

पालवीने नाचणीच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. तिला फार वाईट वाटलं. ही बिचारी आपली हाडं झिजवून अंडी देत होती आणि आपण ती तळून खात होतो.

"गार पाण्याने स्नायू आणखी आखडले," ती हळूच म्हणाली. "म्हणून आता ऊन पाणी."

"हे मी सांगायच्या आधी तू सांगितलंस. आता औषध. यात मात्र मी पक्का आहे. व्यायलेल्या म्हशीचं कॅल्शियम दुधात निघून जातं आणि ती उठेनाशी होते, ते दुखणं मी रोज बघतो. म्हशीला द्यायचं तेच हिला, फक्त म्हशीला बाटली आणि हिला थेंब."

डॉक्टरांनी मोजून दिलेले थेंब पालवीने चोचीच्या कडेला एकेक करून सोडले. घाई केली तर औषध श्वासनळीत जातं, म्हणून एक थेंब, मग गिळायची वाट, मग दुसरा. पंधरा मिनिटांनी नाचणीला बाहेर काढून आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने कोरडं केलं. आईने बोटाला खोबरेल लावून अंडं बाहेर यायच्या वाटेवर अलगद चोळलं. मग पुन्हा डालगं, कोरडं गवत, बाजूला ऊन पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, आणि वरून चादर, अंधार करायला. कोंबडीला अंडं घालायला एकांत लागतो.

"हात साबणाने धुवा. कोपरापर्यंत," डॉक्टर म्हणाले.

"आता?"

"आता काही नाही. दाबायचं नाही, ओढायचं नाही, सारखं डालगं उचलून बघायचं नाही. अंडं आत फुटलं तर तिला वाचवणं कठीण. दुपारनंतर पुन्हा एकदा ऊन पाणी. त्यानेही नाही झालं, तर जिल्ह्याच्या पक्षिवैद्यांना बोलावतो. पण त्यांना यायला उद्याचा दिवस उजाडेल."

"ती वाचेल ना?"

"ठाऊक नाही."

पालवीला राग आला. "तुम्हाला एवढं ठाऊक आहे, मग हेच कसं नाही?"

"कारण हे अजून घडलेलं नाही," डॉक्टर म्हणाले, आणि सहाही पाय दुमडून तिच्याशेजारी बसले. खरं तर पलीकडच्या वाडीत एक रेडकू त्यांची वाट बघत होतं. त्यांनी तिकडे निरोप धाडला की उशीर होईल.

दुपार जाता जाईना. पालवीने जेवणाला हात लावला नाही. ऊन कलल्यावर दुसऱ्यांदा पाणी झालं, दुसऱ्यांदा थेंब झाले. जनाकाकी कुंपणापाशी दोनदा येऊन बघून गेली. सावल्या लांबल्या. आई पडवीत आली आणि उंबऱ्यावर टेकली. पालवीला सकाळचं संध्याकाळपर्यंतचं बोलणं आठवलं.

"थोडा वेळ, आई. अगदी थोडा."

आई आभाळाकडे बघत राहिली. "अजून उजेड आहे," ती म्हणाली.

आणि डालग्याखाली खसफस झाली. मग एक लांब, कण्हल्यासारखा आवाज. मग सगळं गप्प. पालवी उठणार, तोच डॉक्टरांनी पंजा आडवा धरला. ते शंभरपर्यंत मोजत असावेत. मग पंजा बाजूला झाला.

पालवीने चादर सारली. गवतावर एक सुरकुतलेलं, वेडंवाकडं अंडं पडलं होतं, कवच असं नव्हतंच, नुसता चामड्यासारखा पडदा. आणि त्याच्याशेजारी नाचणी, पिसं विसकटलेली, पण शेपूट वर! तिने मान वाकडी करून पालवीकडे पाहिलं आणि पाण्याच्या वाटीत चोच बुडवली.

"पाणी प्यायली! आई, पाणी प्यायली!" पालवी आईच्या गळ्यातच पडली. आई हसत होती आणि डोळेही पुसत होती. कुंपणापलीकडून आवाज आला, "सुटली का गो? सुटली बाय एकदाची!"

झालं, गोष्ट संपली असं वाटेल तुम्हाला. पण गोठेकर डॉक्टर जागचे हलले नाहीत.

"रुग्ण सुटला. आजार कुठे सापडलाय?" ते म्हणाले. "कॅल्शियम संपलं, हे कळलं. पण ते का संपलं?"

"खाली वाडीत असं कधी झालं नव्हतं हो," आई म्हणाली. "इथे आल्यापासून अंडी हातात फुटतात. मी आपली पालवीलाच ओरडायची, हातात काय भोकं पडलीत का म्हणून."

"मग खाली असं काय होतं, जे इथे नाही?"

पालवी विचार करायला लागली. खाली खाडी होती. माड होते. खेकडे-कुर्ल्या होत्या. कोंबड्या खाली दिवसभर कुठे असायच्या? परसात. परसात काय होतं? तिच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. आई आणि काकी तिसऱ्या नि कालवं (शिंपल्यांत राहणारे खाडीतले जीव) फोडायला बसायच्या, मांस टोपात, आणि शिंपले मागे फेकायच्या. शिंपल्यांचा तो ढीग! कोंबड्या दिवसभर त्यात चोची मारत असायच्या.

"शिंपले!" ती म्हणाली. "इथे आपण ते बंद डब्यात टाकतो. गाडी घेऊन जाते. अंगण स्वच्छ राहावं म्हणून."

"शिंपल्यात मुख्य पदार्थ कोणता?"

"कॅल्शियम!"

"आणि या जांभ्याच्या मातीत ते नावालाच असतं," डॉक्टर म्हणाले. "पण थांब. हा अजून नुसता तर्क आहे. एका कोंबडीवरून अख्ख्या वाडीचं ठरवू नये. तर्काला पुरावा लागतो."

मग पालवी पुढचे चार दिवस शाळा सुटल्यावर घरोघर हिंडली. कोंबड्या असलेली घरं बावीस. प्रत्येक घरातलं एक अंडं मागायचं, उजेडासमोर धरून पाहायचं, फोडून कवचाची जाडी डॉक्टरांच्या भिंगाखाली मोजायची आणि विचारायचं, शिंपले कुठे टाकता? सतरा घरांतली कवचं पातळ निघाली. त्या सतराही घरांचे शिंपले डब्यात जात होते. पाच घरांतली कवचं जाड होती. त्या पाचही घरांत शिंपले परसात फेकायची जुनी खोड सुटलेली नव्हती. त्यातलं एक घर जनाकाकीचं. घाणेरडं परस म्हणून वाडीच्या सभेत तिला दोनदा बोलणी खावी लागली होती! तिला हे कळलं, तेव्हा ती आठवडाभर मान ताठ करून हिंडली. कोण तिला बोलणार?

पुढे सभेतच ठरलं, की शिंपले धुऊन, उन्हात वाळवून, जाडसर कुटून घरोघर कोंबड्यांसाठी वेगळ्या वाडग्यात ठेवायचे. कण्यांत मिसळायचे नाहीत. कोंबडीला हवे तेवढे ती आपणहून खाते, ते तिचं तिला समजतं. नाचणीने पंधरा दिवस विश्रांती घेतली आणि मग एक अंडं दिलं, असं घट्ट की आईला ते फोडायला कढईवर दोनदा आपटावं लागलं.

गोठेकर डॉक्टरांनी पालवीचं सगळं काम लिहून घेतलं. ते एकटे नव्हते. किनाऱ्यावरच्या जितक्या वाड्या वर सरकल्या होत्या, तितक्या ठिकाणी त्यांच्यासारखे यंत्रवैद्य होते आणि एकाला जे कळतं ते सगळ्यांना कळतं. पण हाताला काय लागतं, ते यंत्राला कुठून कळणार? म्हणून नोंदीच्या शेवटी त्यांनी लिहिलं, "स्पर्शाविषयी शंका असल्यास पालवी डोर्लेकर हिला विचारावं."

एका सकाळी पडवीतला चित्रनिरोपांचा पडदा उजळला. दूरच्या कुठल्याशा वाडीतली सात-आठ वर्षांची मुलगी होती. मांडीवर एक काळी कोंबडी, ताठ बसलेली, डोळे मिटलेली. मुलगी आधीच रडून लाल झाली होती. मागे यंत्रवैद्याचा पंजा दिसत होता.

"ताई, हिला काय झालंय?" ती म्हणाली. "मी काहीच केलं नाही तिला. खरंच काही नाही."

पालवीने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"मी माझ्या कोंबडीला गार पाण्यात बुचकळलं होतं," ती म्हणाली. "तीनदा. आता तू सांग. तू काय केलंस?"

पलीकडच्या मुलीने बाहीने डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली.